वाचकांचे प्रश्न : सूज आणते कोण, उतरवते कोण?

जखम आणि सूज यांवरील मागील अंकातील लेखानंतर आलेली बरीचशी पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरणारी असल्यामुळे या वेळचे सदर त्या एका विषयालाच दिले आहे. पत्रांतील मजकूर थोडक्यात घेतला असून नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. उत्तरांत दोन शब्द वारंवार येतील, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो. जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज या पेशीला येथे ‘महाभक्षी पेशी’ म्हटले आहे, आणि पेशीच्या बाह्य आवरणावर असलेल्या, बाहेरचा विशिष्ट रेणू आपल्याला चिकटताच आत वर्दी पोहोचवणाऱ्या प्रथिनाला ‘ग्राही’ म्हटले आहे. डॉक्टर मंडळी त्याला रिसेप्टर म्हणतात.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सकाळी रानात काम करताना पायात बाभळीचा काटा मोडला आणि संध्याकाळपर्यंत पाय लाल होऊन ठणकू लागला. काट्यात विष नसते, मग एवढी सूज का येते? काटा शिरल्याचे शरीराला कळते तरी कसे? (शेतकरी वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : काटा टोचल्याची कळ मज्जातंतूंमार्फत तत्क्षणी मेंदूपर्यंत जाते. संध्याकाळचा ठणका मात्र वेगळ्या वाटेने येतो, आणि त्या वाटेची सुरुवात त्वचेखाली आधीपासून वस्तीला असलेल्या महाभक्षी पेशींपासून होते. रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी रक्तातून धावून येतात असे आपण शाळेत शिकतो, पण ते अर्धेच खरे आहे. पुढच्या तुकड्या रक्तातून येतात. पहिली वर्दी देणाऱ्या पेशी मात्र त्याच जागच्या रहिवासी असतात. यकृत, फुप्फुसे, मेंदू अशा जवळजवळ प्रत्येक अवयवात त्यांची वस्ती आहे.

गंमत अशी की काटा या वस्तूची या पेशींना ओळख नसते. लाकूड कोणते आणि काच कोणती हे ठरवणारा ग्राही त्यांच्याजवळ नाही. त्यांना ओळखू येते ते काट्यासोबत आत गेलेले जंतूंचे सामान. काही जंतूंच्या बाह्य कवचात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो, त्यासाठी ‘टीएलआर ४’ (टीएलआर म्हणजे ‘टोल’सारखा ग्राही) हा ग्राही असतो. जंतूंच्या पोहण्याच्या शेपटीतील प्रथिनासाठी ‘टीएलआर ५’ असतो, तर बुरशीच्या भिंतीतील बीटा-ग्लुकान या शर्करेसाठी ‘डेक्टिन १’ असतो. याशिवाय काट्याने आपल्याच ज्या पेशी फाटतात त्यांच्या पोटातील काही रेणू एरवी कधीच बाहेर दिसत नाहीत. ते बाहेर दिसले म्हणजे घरात मोडतोड झाली आहे, एवढे महाभक्षी पेशीला त्यांच्यासाठी असलेल्या ग्राहींवरून समजते.

यांपैकी ‘टीएलआर ४’चे काम जरा जवळून पाहण्यासारखे आहे. लिपोपॉलिसॅकराइडचा रेणू थेट या ग्राहीला जाऊन चिकटत नाही. रक्तद्रवातील एक वाहक प्रथिन तो जंतूच्या कवचातून उचलते आणि महाभक्षी पेशीच्या पृष्ठभागावरील ‘सीडी १४’ या दुसऱ्या ग्राहीच्या हवाली करते. तेथून तो ‘टीएलआर ४’ला बिलगून बसलेल्या ‘एमडी २’ या छोट्या प्रथिनाच्या खोबणीत जातो. आतड्यातील सर्वसाधारण जंतूच्या या रेणूला मेदाम्लांच्या सहा साखळ्या असतात. त्यांपैकी पाच खोबणीत नीट बसतात आणि सहावी बाहेर लोंबत राहते. ही लोंबणारी साखळीच शेजारच्या दुसऱ्या ‘टीएलआर ४’ला जवळ ओढण्यास मदत करते, आणि दोघांची जोडी जमल्याशिवाय पेशीच्या आत संदेश जात नाही. जोडी जमली की आतील टोकांशी प्रथिनांची एक साखळी उभी राहते, एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि तासाभरात पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन १ यांसारखी संदेशक द्रव्ये बाहेर टाकू लागते. त्यांच्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली येते आणि जागा गरम लागते. वाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, म्हणून सूज येते. मज्जातंतूंची टोके हळवी होतात, म्हणून ठणका लागतो. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली होती. त्यांचा उगम पेशीच्या पृष्ठभागावर आहे हे समजायला मात्र विसावे शतक संपत आले.

काट्याचाच विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण या शास्त्राची सुरुवातच काट्याने झाली आहे. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत असताना, घरची मंडळी सर्कस पाहायला गेलेली असताना, त्यांनी तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीच्या अंगात बागेतील काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तो फिरत्या पेशींनी काट्याला गराडा घातलेला होता. त्या अळीला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे लाली नाही आणि उष्णताही नाही. तरी पेशी जमल्या. दाह म्हणजे रक्तवाहिन्यांचा बिघाड, या त्या काळच्या समजुतीला तेथे पहिला तडा गेला. भक्षक पेशींवरील या कामाबद्दल त्यांना १९०८ साली पॉल एरलिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तुमच्या पायाबद्दल एवढेच सांगतो की मोडलेला काटा पूर्ण निघाला आहे याची खात्री करून घ्या, कारण तो आत आहे तोवर ग्राहींना संदेश मिळत राहतो आणि सूज उतरत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसेल तर ते घ्या. सूज नाही म्हणजे धोका नाही, असा उलटा अर्थ मात्र कोणी काढू नये. धनुर्वाताची जखम पुष्कळदा अगदी किरकोळ आणि शांत दिसते.

प्रश्न : या ग्राहींच्या ‘टोल’ नावाचा रस्त्यावरच्या टोलनाक्याशी काही संबंध आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : काडीचाही नाही, जरी कामाच्या दृष्टीने नाक्याची उपमा वाईट नाही. ‘टोल’ हा जर्मन उद्गार आहे; आपण ‘अफलातून!’ म्हणतो तसा. फळमाशीच्या भ्रूणाची पोट आणि पाठ ही बाजू कशी ठरते याचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या जर्मनीतील प्रयोगशाळेत एका विचित्र भ्रूणाकडे पाहून तो उद्गार निघाला आणि जनुकाला तेच नाव चिकटले. त्या वेळी दाहाचा विषय कोणाच्या डोक्यातही नव्हता. पुढे १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने दाखवले की हेच जनुक बिघडलेल्या प्रौढ माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. दुसऱ्याच वर्षी रुस्लान मेजितोव्ह आणि चार्ल्स जेनवे यांना माणसात त्याच घडणीचे प्रथिन सापडले. जंतूंची ठरावीक ठेवण ओळखणारे ग्राही असले पाहिजेत, असे जेनवे यांनी १९८९ सालीच नुसत्या तर्काने मांडले होते.

मात्र ते प्रथिन नेमके काय ओळखते हे दाखवले एका उंदराने. ‘सी३एच/एचईजे’ या जातीच्या उंदरांना जंतूंचे लिपोपॉलिसॅकराइड कितीही टोचले तरी ते ढिम्म राहतात, हे संशोधकांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होते. १९९८ साली ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने त्याचे कारण शोधून काढले. त्या उंदरांच्या ‘टीएलआर ४’ प्रथिनात ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल होते. एका अक्षराच्या चुकीने सारा निरोपच हरवावा तसे. हे उंदीर सुदैवी म्हणावेत, तर साल्मोनेला जंतूंच्या संसर्गाला ते इतर उंदरांपेक्षा लवकर बळी पडतात. दाह न होणे ही चैन नसते, हे मला विद्यार्थ्यांना सांगायचे असले की मी नेहमी याच उंदराचा दाखला देत असे. २०११ चे नोबेल पारितोषिक बॉयटलर आणि हॉफमन यांना, प्रतिकारयंत्रणेतील डेंड्रायटिक नावाच्या पेशींवर काम करणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांच्यासह मिळाले. पारितोषिक जाहीर होण्यापूर्वी तीनच दिवस स्टाइनमन यांचे निधन झालेले होते.

प्रश्न : महाभक्षी पेशी जर जंतू इतक्या चटकन ओळखते, तर प्लेगसारख्या साथीत माणसे पटापट का दगावत असत? (इतिहासाचे निवृत्त शिक्षक, मुंबई)

उत्तर : तुमच्या प्रश्नातच या विषयाचे मर्म आहे. प्लेगचा जंतू अतिशय घातक ठरतो त्याचे एक मोठे कारण असे की तो या ग्राहीला चकवतो, आणि चकवण्याची त्याची रीत तापमानावर अवलंबून आहे. पिसवेच्या अंगात, म्हणजे साधारण २१ ते २७ अंश सेल्सिअस तापमानात, तो सहा साखळ्यांचा रेणू तयार करतो. पण माणसाच्या किंवा उंदराच्या ३७ अंशांच्या शरीरात शिरला की प्रामुख्याने चारच साखळ्यांचा रेणू बनवू लागतो. पहिल्या उत्तरात ज्या सहाव्या साखळीचा उल्लेख केला ती येथे नसतेच. त्यामुळे माणसाच्या पेशीवर ‘टीएलआर ४’ची जोडी नीट जमत नाही आणि महाभक्षी पेशीला वर्दीच मिळत नाही. सुरुवातीच्या मोलाच्या तासांत दाह होत नाही, जंतू निर्धास्तपणे वाढतो, आणि शरीर जागे होते तोवर तो गाठींतून रक्तात पोहोचलेला असतो.

हे केवळ अनुमान नाही. २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्लेगच्या जंतूत दुसऱ्या एका जंतूचे जनुक घालून त्याला ३७ अंशांनाही सहा साखळ्यांचा रेणू बनवायला भाग पाडले. इतर सर्व शस्त्रे तशीच असूनही तो जंतू उंदरांना मारू शकला नाही. ज्या उंदरांत ‘टीएलआर ४’ नव्हता त्यांत मात्र त्याचे मारकपण कायम राहिले. म्हणजे सूज येणे हाच त्या उंदरांचा बचाव होता.

१८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला तेव्हा यातले काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. लस मात्र लवकर तयार झाली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ती तयार करून जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे मेचनिकोव्ह यांचेच विद्यार्थी होते. परळच्या हाफकिन संस्थेवरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा धागा माहीत असेल, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

क्षयाचा जंतू वेगळीच युक्ती योजतो. तो ग्राहीला चकवत नाही, त्याचाच दरवाजा करतो. मॅनोज शर्करा ओळखणारा ग्राही आणि जंतूंना चिकटणारी रक्तातील पूरक प्रथिने ओळखणारा ‘सीआर ३’ हा ग्राही यांच्या वाटेने तो महाभक्षी पेशीत आपण होऊन गिळला जातो आणि आत पचनाची क्रिया रोखून तेथेच बिऱ्हाड करतो. त्याच्याकडे शेवटच्या उत्तरात परत यावे लागेल.

प्रश्न : खोटी कानातली घातली की मुलीच्या कानाच्या पाळ्या लाल होऊन खाजतात. जंतू नसताना हा दाह कसा? (गृहिणी, सोलापूर)

उत्तर : अशा दागिन्यांत बहुधा निकेल असते आणि घामात ते थोडेथोडे विरघळते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार माणसाच्या ‘टीएलआर ४’वर ४५६ आणि ४५८ या क्रमांकांच्या जागी असलेल्या हिस्टिडीनांना निकेलचे कण धरून ठेवतात आणि जंतू आल्याचा खोटाच इशारा आत जातो. उंदराच्या ग्राहीत या जागी हिस्टिडीन नाहीत, म्हणून निकेलची अशी ॲलर्जी साध्या उंदरात सहजी निर्माण करता येत नाही. पुढची खाज आणि पुरळ लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमुळे येते, पण पहिली ठिणगी येथे पडते. कानातली बदलणे हाच उपाय आहे; पारदर्शक नेलपॉलिश लावून ती वापरण्याची युक्ती थोडे दिवस चालते, लेप झिजला की पुन्हा तेच.

प्रश्न : कबड्डी खेळताना मुलाच्या मांडीला मुका मार लागला. डाग आधी काळानिळा होता, मग हिरवट झाला आणि आता पिवळा दिसतो आहे. आत पू होत नाही ना? सासूबाई आंबेहळदीचा लेप लावतात, तो चालू ठेवावा का? (एक आई, सांगली)

उत्तर : पू होत नाही, काळजी करू नये. तुम्ही जे रंग पाहत आहात ते महाभक्षी पेशींचे काम डोळ्यांनी दिसण्याचे फार दुर्मीळ उदाहरण आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

मुक्या मारात कातडी फाटत नाही, पण तिच्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि सांडलेले रक्त तेथेच अडकते. त्यातील तांबड्या पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन मोकळे होते. मोकळे हिमोग्लोबिन ही काही निरुपद्रवी वस्तू नव्हे. त्यातील लोहयुक्त हीम आसपासच्या पेशींना इजा करते आणि दाह भडकवते. म्हणून रक्तातील हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन त्याला घट्ट धरते आणि ही जोडगोळी महाभक्षी पेशीवरील ‘सीडी १६३’ या ग्राहीला जाऊन चिकटते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००१ साली या ग्राहीचे हे काम उलगडले. तो महाभक्षी पेशी आणि तिच्या घराण्यातील मोनोसाइट यांच्याशिवाय अन्यत्र जवळजवळ आढळतच नाही. यापुढे पेशी ती जोडगोळी गिळते आणि आतील हीम ऑक्सिजिनेज हे विकर हीमचे तुकडे करते. पहिला तुकडा बिलिव्हर्डिन, तो हिरवा. त्याचे पुढे बिलिरुबिन होते, ते पिवळे. काविळीत डोळे पिवळे दिसतात ते याच द्रव्यामुळे. उरलेले लोह काही काळ साठून राहते, म्हणून कधीकधी शेवटी तांबूस तपकिरी छटा रेंगाळते. याखेरीज काही तांबड्या पेशी अख्ख्याच गिळल्या जातात, आणि त्यांचीही वाट शेवटी हीच होते.

‘टीएलआर ४’ आणि ‘सीडी १६३’ हे एकाच पेशीवर असू शकतात, पण त्यांचा परिणाम नेमका उलट असतो. पहिल्याला काही चिकटले की पेशी आग लावते. दुसऱ्यावाटे हिमोग्लोबिन आत गेले की तीच पेशी इंटरल्यूकिन १० सारखी, दाह शमवणारी द्रव्ये सोडू लागते. रक्तातून जखमेवर धावून आलेल्या आणि मरायला टेकलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचेही असेच आहे. मरणाऱ्या पेशीच्या आवरणाचा एरवी आत दडलेला फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद बाहेरच्या बाजूला येतो, ‘मर-टीके’ आणि ‘टिम ४’ यांसारखे ग्राही त्याला ओळखतात, आणि तिला गिळणारी महाभक्षी पेशी टीएनएफचे उत्पादन आवरते घेते. जखमेत मेलेल्या पेशी वेळेवर उचलल्या गेल्या नाहीत तर त्या फुटतात आणि त्यांच्या पोटातील ऐवज पुन्हा पहिल्या प्रकारच्या ग्राहींना डिवचतो. सूज ‘आपोआप’ उतरते असे आपण सहज म्हणतो, पण त्यात आपोआप असे काही नसते. ती कोणीतरी गिळून उतरवलेली असते.

लेपाबद्दल विचारले आहे. कातडी फाटलेली नसेल आणि पुरळ येत नसेल तर तो लावण्यास माझी हरकत नाही, घरातील मोठ्यांच्या हाताला गुण असतोच. परंतु डागाचे रंग लेपामुळे पालटतात असे समजू नये, ते लेप न लावताही याच क्रमाने पालटतात. आणखी एक गोष्ट, जी न्यायवैद्यकाच्या वर्गात आवर्जून सांगितली जाते: रंगावरून मार किती दिवसांपूर्वीचा हे अचूक सांगता येत नाही. पिवळेपणा पहिल्या दिवसात सहसा दिसत नाही, एवढेच म्हणता येते.

प्रश्न : परीक्षेत महाभक्षी पेशींचे ‘एम १’ म्हणजे दाह वाढवणाऱ्या आणि ‘एम २’ म्हणजे दाह शमवणाऱ्या, असे दोन प्रकार विचारतात. ते खरे आहेत का? (परिचर्या अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : परीक्षेत तसेच लिहा, गुण मिळतील. ही विभागणी २००० साली उंदरांवरील अभ्यासातून पुढे आली आणि शिकवायला सोपी असल्यामुळे रुजली. पेशीवर ‘सीडी १६३’ किंवा मॅनोज ग्राही भरपूर दिसला की तिला ‘एम २’ म्हणायचे, असा प्रघात आहे. प्रत्यक्ष ऊतीत मात्र एकाच पेशीवर दोन्ही बाजूंची चिन्हे आढळतात आणि तासातासाला त्यांचे प्रमाण बदलते. माझ्या मते हे दोन प्रकार म्हणजे एकाच पेशीच्या दोन वेळच्या मनःस्थिती आहेत, दोन जाती नव्हेत.

प्रश्न : हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले की हृदयाच्या वाहिनीत साठलेला मेदाचा थर हासुद्धा एक प्रकारचा दाहच आहे. कोलेस्टेरॉलचा आणि दाहाचा काय संबंध? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर : तज्ज्ञांचे म्हणणे बरोबर आहे. वाहिनीच्या अस्तराखालील मेदाच्या थरात सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसणाऱ्या पेशी असतात. त्या बव्हंशी कोलेस्टेरॉल खाऊन तट्ट फुगलेल्या महाभक्षी पेशी असतात. येथे एक कोडे होते. काही मुलांत जन्मतःच एलडीएल कोलेस्टेरॉल पेशीत घेणारा नेहमीचा ग्राही नसतो, तरीही त्यांच्या वाहिन्यांत फेसाळ पेशी भरपूर सापडतात. मग कोलेस्टेरॉल शिरते कोठून? गोल्डस्टाइन आणि ब्राउन यांनी १९७९ साली दाखवले की महाभक्षी पेशी साधे एलडीएल फारसे घेत नाहीत, पण रासायनिक बदल झालेले एलडीएल एका वेगळ्याच ग्राहीवाटे अधाशासारखे घेतात. अशा ग्राहींना आता ‘सफाईचे ग्राही’ म्हणतात आणि ‘सीडी ३६’ हा त्यांच्यातलाच एक. नेहमीचा ग्राही पेशीचे पोट भरले की संख्येने कमी होतो. सफाईच्या ग्राहीला हा आळाच नाही, त्यामुळे पेशी फुटेपर्यंत खात राहते. शिवाय ‘सीडी ३६’ हा टोल घराण्यातील ग्राहींशी हातमिळवणी करून दाहाचा संदेशही देतो.

२०१७ साली पूर्ण झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांपैकी काहींना इंटरल्यूकिन १-बीटा निष्प्रभ करणारे औषध दिले, तेव्हा कोलेस्टेरॉल कमी न होताही पुढील झटक्यांचे प्रमाण घटले. त्याचबरोबर जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू किंचित वाढले, ही बाब विसरू नये. तुम्हाला सुरू असलेल्या गोळ्या आणि चालण्याचा व्यायाम आहे तसाच चालू द्यावा.

प्रश्न : माझ्या पत्नीला बारा वर्षांपासून आमवाताचा त्रास आहे. आता टीएनएफविरोधी इंजेक्शन सुचवले असून त्याआधी क्षयाच्या तपासण्या करायला सांगितल्या आहेत. तिला खोकलाही नाही; मग हा खर्च कशासाठी? आणि दाहाचे मूळ पेशीवरील ग्राहीत असेल, तर सरळ तो ग्राहीच बंद करणारे औषध का देत नाहीत? (ज्येष्ठ वाचक, नागपूर)

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तो पुष्कळ मोठ्या कंपन्यांनाही पडला होता. ‘टीएलआर ४’ बंद करणारे एरिटोरान नावाचे औषध तयार झाले. गंभीर जंतुदोषात, म्हणजे सेप्सिसमध्ये, दाहाचा वणवा पेटतो. तो मुळातच विझवावा, अशी त्यामागील कल्पना होती. खोबणीत बसायचे पण जोडी जमू द्यायची नाही, अशी त्या रेणूची रचना होती, आणि कागदावर ती निर्दोष होती. परंतु सुमारे दोन हजार रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले तेव्हा २८ दिवसांतील मृत्यूंमध्ये काहीही फरक पडलेला नव्हता. रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचतो तोवर पहिला संदेश केव्हाच आत गेलेला असतो. त्यानंतर ग्राही बंद करणे म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी घालणे, असे मला वाटते. शिवाय एक ग्राही बंद केला तरी इतर ग्राही वर्दी देतच राहतात.

त्यामुळे प्रत्यक्ष उपयोगी ठरली ती एक पायरी खालची औषधे. महाभक्षी पेशीने सोडलेला टीएनएफ सांध्याच्या अस्तरातील पेशींवरील, तसेच खुद्द महाभक्षी पेशीवरीलही, टीएनएफ ग्राहींना चिकटतो आणि आग पेटती ठेवतो. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडॅलिमुमॅब हे प्रतिपिंड टीएनएफला वाटेतच धरतात. इटॅनरसेप्टची तऱ्हा अधिक मजेशीर आहे. ते मुळात टीएनएफ ग्राहीचाच बाहेरचा भाग आहे, पेशीपासून सुटा करून प्रतिपिंडाच्या दांड्याला जोडलेला. टीएनएफ या खोट्या ग्राहीला चिकटतो आणि खऱ्यापर्यंत पोहोचत नाही. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्या टोसिलिझुमॅबसाठी नातेवाईक वणवण फिरत होते, ते इंटरल्यूकिन ६ च्या ग्राहीला झाकणारे औषध होते, आणि त्याआधीपासून ते आमवातासाठी वापरात होते.

आता तपासण्यांकडे येतो. क्षयाचा जंतू महाभक्षी पेशीत बिऱ्हाड करतो, हे वर सांगितले आहे. आपल्या देशात अनेकांच्या फुप्फुसांत तो असा वर्षानुवर्षे निपचित पडून असतो. ना खोकला, ना ताप. महाभक्षी पेशींनी आणि लिम्फोसाइटांनी त्याच्याभोवती गाठीसारखी तटबंदी उभारलेली असते, आणि ती तटबंदी उभी ठेवण्यासाठी टीएनएफचा संदेश त्यांच्या ग्राहींना सतत मिळत राहावा लागतो. सांध्यासाठी दिलेले इंजेक्शन सांधा आणि फुप्फुस यांत भेद करत नाही. टीएनएफ मिळेनासा झाला की तटबंदी ढासळते आणि कोंडलेला जंतू बाहेर पडतो. असा क्षय पुष्कळदा फुप्फुसांपुरता मर्यादित न राहता इतरत्रही पसरतो. इन्फ्लिक्सिमॅब वापरात आल्यानंतर दोन-तीन वर्षांतच अशा रुग्णांची नोंद होऊ लागली, आणि तेव्हापासून ही खबरदारी सर्वत्र घेतली जाते.

तेव्हा छातीचा एक्स-रे आणि मांटू चाचणी किंवा इग्रा ही रक्तचाचणी, यांचा खर्च वाया गेला असे समजू नका. खोकला नसणे हा येथे पुरावा होऊ शकत नाही. चाचणीत निपचित क्षय आढळला तरी इंजेक्शनाचा मार्ग बंद होत नाही. आधी काही काळ प्रतिबंधक गोळ्या देऊन मग ते सुरू करता येते, आणि किती दिवसांनी हे तुमचे संधिवाततज्ज्ञ ठरवतील. घरात किंवा शेजारी पूर्वी कोणाला क्षय झाला असेल तर तेही त्यांना सांगा. बायका पुष्कळदा माहेरची अशी गोष्ट सांगायची राहून जातात. इंजेक्शने सुरू झाल्यानंतर संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे किंवा मानेत गाठ आढळल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, कारण टीएनएफ रोखलेला असताना ताप आणि सूज ही नेहमीची चिन्हे मंद दिसतात.